हॉट प्रेसमधले अकरा मासे

त्या घरातली सगळ्यात ऊबदार जागा माणसांसाठी नव्हती, टॉवेलांसाठी होती. जिना चढून गेलं की समोर एक अरुंद कपाट, आत गरम पाण्याची तांब्याची टाकी आणि टाकीच्या वर लाकडी फळ्या. तिथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात, म्हणून हे हॉट प्रेस. त्यात टॉवेल, चादरी, बाळाची दुपटी ठेवायची, ती कायम कोमट राहतात. माणसं मात्र खाली हॉलमध्ये दोन दोन मोजे घालून बसलेली. पहिल्याच आठवड्यात मी संदेशला, माझ्या मुलाला, विचारलं की मला त्या कपाटात का ठेवत नाहीस. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

मी आयर्लंडात गॉलवेला गेले ती सुनेच्या बाळंतपणासाठी, तीन महिन्यांच्या बोलीवर. मग कोरोना आला, विमानं बंद झाली आणि मी दीड वर्ष राहिले. माझं लहानपण मागच्या प्रकरणात संपलं असं मी समजत होते. चौथीनंतर शाळा सुटली, हातात मिठाचं घमेलं आलं, मी मोठी झाले, विषय संपला. पण त्या घरात मला पुन्हा लहान व्हावं लागलं, बाळापेक्षाही लहान. बाळाला निदान रडून काम करून घेता येत होतं. मला शेगडी पेटवता येत नव्हती, कारण ती पेटतच नव्हती, नुसती लाल व्हायची. कुठल्या कचऱ्याला कुठला डबा ते कळत नव्हतं. रस्ता ओलांडायला बटण दाबायचं, हे मी अडुसष्टाव्या वर्षी शिकले. मृणाल, माझी सून, पुण्याची. शिकायला गॉलवेला गेली आणि तिथल्याच इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला लागली. ती मला समजावून सांगायची, "आई, तुम्ही काहीही दाबण्याआधी मला विचाराल का?" मी विचारायचे. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला "हे दाबू का" असं दिवसातून दहा वेळा विचारावं लागलं की तिच्या डोक्यात काहीतरी आपल्या मनाने करायचं शिजायला लागतं.

सप्टेंबर लागला तशी घरात थंडीची तयारी सुरू झाली. म्हणजे त्यांच्या पद्धतीची तयारी. संदेशने एक छोटी किल्ली घेऊन भिंतीवरच्या गरम पाण्याच्या सगळ्या हीटरांमधली अडकलेली हवा काढली. मृणालने फोनवरून मला आतून घालायच्या लोकरी विजारी मागवल्या. झाली तयारी. मी विचारलं, "खायचं काय?" संदेश म्हणाला, "अगं आई, दुकान पाच मिनिटांवर आहे." हे बोलणारा माणूस कोणाच्या घरात वाढला, असा मला प्रश्न पडला. आमच्याकडे विजयदुर्गाच्या अलीकडच्या खाडीत पावसाआधी आगोट भरायची म्हणजे घरातल्या बाईची वर्षाची परीक्षा. सुके बोंबील, सुकट, बांगडा, आमसुलं, मीठ, लाकडं, सगळं मेच्या आत माळ्यावर गेलं पाहिजे. माझी आई माळ्याकडे बघून सांगायची की या घरात चार महिने भांडण होणार नाही. या घरात माळ्यावर बाळाच्या खोक्यांशिवाय काही नव्हतं.

शेजारच्या कोलमचं डोकं मात्र मला ठिकाणावर वाटलं, आणि त्याला कारण होतं. त्याने ट्रेलरभर टर्फ आणून शेडमध्ये रचला होता. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली काळी ढेकळं, ती शेगडीत जाळतात. माणूस पंचाहत्तरीचा, पूर्वी टपाल वाटायचा, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. रचताना प्रत्येक ढेकूळ उलटून बघायचा. अशा माणसाला आगोट कळते. पण दुसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, तर हाच माणूस घरांमधल्या हिरवळीवर उभा राहून लांब काठीने गवतात दोरी फेकत होता. मागे न्यायचा, पुढे फेकायचा, दोरी हवेत लांबलचक वळण घेऊन गवतावर अलगद पडायची, टोकाला लाल लोकरीचा धागा. अर्धा तास हेच. मी संदेशला हाक मारली.

"तुमचा शेजारी गवतात मासे धरतोय."

"प्रॅक्टिस करतोय गं. तीस तारखेला ट्राउट माशांचा सीझन संपतो. मग मार्चपर्यंत बंद."

"त्याला घरात कोणी आहे का बघायला?"

"आई, तो चांगला आहे."

"मी कुठे वाईट म्हटलं."

संदेशने हे जाऊन कोलमला सांगितलं असावं, कारण त्या शनिवारी कोलमने आम्हाला नदीवर बोलावलं. तो त्याच्या गाडीतून, आम्ही आमच्या, कारण तेव्हा एका गाडीत बसायची पंचाईत होती. नदी काही मोठी नव्हती. आमच्या ओढ्याला भरतीला याहून जास्त पाणी असतं. काठावरची झाडं पिवळी पडली होती आणि पाणी चहाच्या रंगाचं. मी साडीवर संदेशचं जाकीट घालून दगडावर बसले. कोलम छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून पाण्यात उतरला. आधी त्याने मला डबी उघडून दाखवली. आत नखाएवढ्या गऱ्या, म्हणजे गळाचे लोखंडी आकडे, प्रत्येकीला पीस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. आमिष नाही, कोळंबीचा तुकडा नाही, काही नाही. कोंबडीचं पीस दाखवून माशाला फसवायचं. माझा बाप पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचा तेव्हा मासा फसत नव्हता, सापडत होता. यात फरक आहे. पण खरं सांगायचं तर कोलमचा हात चांगला होता. दोरी पडायची तेव्हा पाण्याला कळायचं नाही. माझ्या बापाची पाग अशीच गोल उघडायची, ताटासारखी, आणि बघणारे बोलायचे थांबायचे. मीही गप्प बसले. संदेशने ती नोंद घेतली, मला दिसलं.

पाऊण तासाने एक लागला. वीतभराहून मोठा, तपकिरी, अंगावर लाल ठिपके, पोट लोण्यासारखं. कोलमने आधी हात पाण्यात बुडवून ओला केला, मग मासा हातात घेतला. संदेश म्हणाला, कोरड्या हाताने धरलं तर त्याच्या कातडीला इजा होते. ज्याच्या ओठातून आपणच लोखंड घातलंय त्याची कातडी जपायची. कोलमने गरी काढली, माशाकडे बघितलं, त्याला काहीतरी म्हणाला आणि पाण्यात सोडून दिला. मी दगडावरून उठून उभी राहिले.

"सुटला काय?"

"सोडला, आई. तो ठेवत नाही."

"का? पोटात दुखतं का त्याच्या?"

"क्लबच्या नियमाने दिवसाला दोन ठेवता येतात. पण तो नाही ठेवत. त्याच्या बायकोला घरात माशाचा वास चालायचा नाही."

"बायको गेली ना?"

"आई, हळू बोल."

"त्याला मराठी येतं का?"

मेलेल्या बाईचं ऐकणारा नवरा मी पहिल्यांदाच बघत होते. जिवंत बाईचं ऐकणारेही मी फार बघितले नाहीत. दुसरा मासा लागला तेव्हा मी काठापर्यंत खाली गेले. कोलमला वाटलं मला जवळून बघायचाय. त्याने ओल्या हातात धरून माझ्यापुढे केला. मी घेतला, कल्ल्यात अंगठा घातला, मान मागे मोडली आणि जाकिटाच्या खिशातल्या पिशवीत टाकला. हे करायला मला विचार करावा लागत नाही. वयाच्या नवव्या वर्षापासून हात ते करतो. कोलम पाण्यात तसाच उभा. "जीझस, मिसेस," एवढंच म्हणाला. संदेश इंग्रजीत भराभर माफी मागायला लागला. कोलमने हात वर करून त्याला थांबवलं आणि मला विचारलं, म्हणजे संदेशकडून विचारलं, की मी त्याचं काय करणार. मी म्हटलं, खाणार, आणखी काय. त्यावर तो म्हणाला, "ग्रँड," म्हणजे तिथल्या बोलीत झकास. आयुष्यात कोणी त्याच्याकडे त्याने धरलेला मासा मागितला नव्हता, असं तो नंतर म्हणाला. मी मागितला नव्हता, घेतला होता. पण तो म्हातारा खूश दिसला, म्हणून मी सोडून दिलं.

त्या दिवसापासून सीझन संपेपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या बागेच्या भिंतीवर पावाच्या कागदात गुंडाळलेले दोन मासे यायचे. मी भिंतीच्या अलीकडे, तो पलीकडे, मध्ये सरकारने सांगितलेलं अंतर. तो इंग्रजीत बोलायचा, मी मराठीत. मासा कुठे लागला, किती झुंजला, हे तो हाताने दाखवायचा. मी हाताने दाखवायचे की याहून मोठा आण. पहिले काही मी तळले. कोलमला तुकडा पाठवला. त्याने तो मसाल्यासकट खाल्ला आणि बराच वेळ नळाखाली तोंड धरून उभा होता, पण डबा धुऊन परत आला. घरात मात्र संदेशला काटे चालेनात आणि मृणालला वास. मासे उरायला लागले. भिंतीवर रोज दोन, आणि पुढे सहा महिन्यांची थंडी. मी कोणालाही न विचारता आगोट भरायचं ठरवलं.

आता इथे माझी चूक सांगते, कारण ती माझीच आहे. अकरा मासे चिरले, आतडी काढली, मीठ भरलं, दोन दिवस दाबून ठेवले. इथपर्यंत माझ्या आईनेही नाव ठेवलं नसतं. सुकवायला ऊन पाहिजे, गॉलवेत ऊन नाही. मग अख्ख्या घरात कोरडी आणि गरम जागा कुठली? मी जुन्या सुती साडीत मासे ओळीने बांधून टाकीच्या मागे टांगले आणि पुढे टॉवेल रचले. पण मासा उन्हाने सुकत नाही, वाऱ्याने सुकतो. हे मला शाळेच्याही आधी कळत होतं आणि इतक्या वर्षांनी मी विसरले. शिवाय तो मासा तेलाचा. बंद कपाटात, गरम टाकीला चिकटून, तेलकट मासा सुकत नाही. त्याचं जे होतं त्याला आमच्याकडे शब्द आहे, तो मी इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी घरात वास यायला लागला. मला तो सुक्या माशाचाच वाटला, जरा जास्त एवढंच. संदेशला वाटलं मोरी तुंबली. त्याने सगळ्या मोऱ्यांत औषध ओतलं. मग त्याला वाटलं जमिनीखाली उंदीर मेलाय. बाळाचे लंगोट तपासले गेले, फ्रिज मागून पुढे ओढला गेला. त्या दिवसांत कपाटातून टॉवेल, दुपटी मीच काढून द्यायचे. मृणालने आंघोळ करून टॉवेल घेतला आणि पुन्हा आंघोळ केली. मला कोणी काही विचारलंच नाही. आजही संदेश म्हणतो, तू सांगायला हवं होतंस. मी म्हणते, रोज दहा वेळा मी विचारायचे, एकदा तुम्ही विचारायचं.

पण हे सगळं नुसतं हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं. त्या आठवड्यात घराचा करार संपत होता. मालक कुठे दूर राहायचा, आम्ही कधी त्याला बघितलं नाही. शुक्रवारी त्याची एजंट बाई घर तपासायला येणार होती आणि तिच्या अहवालावर करार पुढे वाढवायचा की घर विकायचं हे ठरणार होतं. गॉलवेत तेव्हा भाड्याचं घर मिळायचं म्हणजे एका दारापुढे चाळीस माणसांची रांग. त्या रांगेत पाच महिन्यांचं बाळ आणि परत जाता न येणारी म्हातारी असलेल्या कुटुंबाला कोण घेणार? संदेशने आठवडाभर झोप घेतली नव्हती. त्याने मला बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत मासा तळायचा नाही. मी तळला नाही.

शुक्रवारी सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघड्या, बाहेर पाऊस, आत आम्ही कोट घालून. एजंटची गाडी दारात लागली त्याच वेळी मृणाल बाळाचं दुपटं काढायला वर गेली. तिने हॉट प्रेस उघडलं. ती ओरडली नाही. ती जिन्यावर आली आणि अगदी सावकाश म्हणाली, "आई. टाकीच्या मागे काय आहे?"

"आगोट," मी म्हटलं.

दाराची घंटा वाजली. संदेशचा चेहरा मी इथे वर्णन करत नाही, तो माझा मुलगा आहे.

एजंट बाई तिशीची, नीव्ह नावाची, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातात फळी आणि कागद. बोलकी होती. प्रत्येक खोलीत जाऊन खूण करायची आणि बोलत राहायची. थकल्यासारखं वाटतंय, हवा बदलली की असंच होतं. आज हे शेवटचं घर, मग ऐंशी वर्षांच्या आईकडे सामान पोचवायचं आणि तिच्याबरोबर चहा. संदेश हे मला नंतर सांगत होता. त्या वेळी तो नुसता मान हलवत होता. ती जिना चढली. आम्ही तिघं मागे, देवळात जातात तसे रांगेने. तिने हॉट प्रेस उघडलं.

मी बाजारात वाढले. दुपारी बारानंतरचा उरलेला मासा, त्याची टोपली, टोपलीखालचं पाणी, सगळे वास मला माहीत आहेत. त्या दारातून जे बाहेर आलं त्याने मीसुद्धा पदर नाकाला लावला. नीव्हला टाकीवरचा बारीक मजकूर वाचायचा होता. मास्कमधल्या श्वासाच्या वाफेने चष्मा धुरकटला, म्हणून तिने मास्क हनुवटीखाली ओढला, डोकं आत घातलं, गाठोड्यापासून हातभरावर, आणि सावकाश वाचून लिहून घेतलं. मग बाहेर आली आणि म्हणाली, छान कोरडं आहे, ओल अजिबात नाही, घर फार चांगलं ठेवलंय. दहा मिनिटांत ती गेलीसुद्धा.

संदेश जिन्याच्या पायरीवर बसला. "देव आहे," तो म्हणाला.

मृणालने बाळाला उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन दार लावलं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लॅबमधला होता. "तिला वास आला नाही, संदेश."

"तेच म्हणतोय मी."

"आणि तिला थकवा आहे. याला देव म्हणत नाहीत. हे कोविड आहे."

मी म्हटलं, तिला सांगा.

"काय सांगू?" संदेश म्हणाला. "मॅडम, तुमच्या घरात मढं सडल्यासारखा वास येतोय आणि तुम्हाला तो आला नाही, तेव्हा तब्येत बघा?"

"हो. असंच सांग."

"आई, घर जाईल."

"ती आता तिच्या आईकडे चहाला जातेय."

"मृणाल तिला नंतर मेसेज करेल. नुसतं टेस्ट कर म्हणून."

"नुसतं का करेल ती? आम्हालाही थकवा येतो. कारण सांगितल्याशिवाय कोणी ऐकत नाही. फोन लाव. मासे मी टांगले, मी बोलते."

"तुला इंग्रजी येतं?"

"तू लाव."

लावला मृणालने. संदेश खिडकीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. मला रोज टीव्हीवर डॉक्टर बोलताना ऐकून काही शब्द आले होते, ते सगळे मी त्या दिवशी वापरले. मी म्हटलं, "हॅलो. आय मदर. आय फिश, हॉट प्रेस. बिग स्मेल. यू नो स्मेल. यू सिक. नो गो मदर." पलीकडे आवाज नाही. मला वाटलं फोन कटला, म्हणून मी पुन्हा सगळं म्हटलं, मोठ्याने. मग नीव्हने संदेशला फोन द्यायला सांगितलं. तिने त्याला एकच प्रश्न विचारला, की वास खरंच इतका होता का. संदेशने डोळे मिटले आणि सांगितलं, "इट वॉज टेरिबल." तिने आईच्या सामानातली कॉफीची बाटली गाडीतच उघडून हुंगली. काही नाही. मग पिशवीतलं अत्तर. काही नाही. ती तेव्हा आईच्या घरापासून दोन वळणांवर होती. सामान फाटकाशी ठेवून ती तिथूनच परत फिरली. दोन दिवसांनी तपासणीचा निकाल आला, तो मृणाल म्हणाली तोच.

आम्हाला चौदा दिवस घरात बसावं लागलं. कोणाला काही झालं नाही. मृणालच्या मते, खिडक्या उघड्या होत्या म्हणून. मासे कोलमने भिंतीवरून लांब चिमट्याने उचलले आणि आपल्या बागेत पुरले. पुरण्याआधी त्याने गाठोडं उघडून बघितलं, आणि अकराच्या अकरा आपलेच आहेत हे ओळखल्यासारखी मान हलवली. संदेश त्या चौदा दिवसांत माझ्याशी जेवणापुरतं बोलायचा. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर जेवणापुरतंही बोलले नसते. मात्र रात्री बाळ रडलं की तो उठायचा आणि माझ्या अंगावरचं पांघरूण नीट करून जायचा. झोपेचं सोंग मला चांगलं जमतं.

पंधराव्या दिवशी करार आला. संदेशने तो फोनवर उघडला आणि उभ्याने वाचायला लागला. भाडं तेच, मुदत एक वर्ष. मग तो थांबला, पुन्हा मागे गेला आणि पुन्हा वाचला. शेवटी एक नवीन कलम घातलं होतं. भाडेकरूने हॉट प्रेसमध्ये किंवा घरातल्या कुठल्याही बंदिस्त जागेत मासे सुकवू नयेत. मृणाल भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत राहिली. मी विचारलं, "माझं नाव आहे का त्यात?"

"नाव कसं असेल, आई? नियम आहे तो."

"मग लोकांना कळणार कसं?"

संदेशने सही केली. पुढच्या उन्हाळ्यात मी गावी परतले. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःचं घर घेतलं, तिथल्या हॉट प्रेसला मृणालने कुलूप लावून घेतलं आहे. नीव्ह अजून तिच्या ओळखीत आहे. ती सांगते, त्या एजन्सीने ते कलम पुढे काढलंच नाही, सगळ्याच करारांत छापून टाकलं. म्हणजे गॉलवेत आज शेकडो माणसं आहेत, ज्यांनी जन्मात कधी मासा सुकवला नाही आणि सुकवणारही नाहीत. ती दर वर्षी तो कागद वाचतात, थोडा वेळ गोंधळतात आणि सही करून मला वचन देतात.